राखणदाराच्या पायाचे माप

डिचोलीच्या बाजारात चांभार विचारतो, "माप कोणाचा?"

पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीचा पों-पों. मागे धावणारे कुत्रे.

चहाच्या टपरीवर रेडिओ. गोवा आता राज्य झाले.

आकाशगंगेच्या कडेला एक जग. तिथे 'हात' या शब्दाचा अर्थ कोणालाच आठवत नाही.

लाल धुळीत वहाणांचे ठसे. चालणारा दिसत नाही.

मित्रांनो, मी एक जुना खलनायक आहे. वरचे सगळे माझेच आहे. ते नीट लावता येत नाही, कारण मला शरीर नाही, आणि शरीर नसले की आठवणींना आधी आणि नंतर राहत नाही. तरी प्रयत्न करतो.

आमच्या लोकांना एकेकाळी देह होते. आम्ही ते जपले नाहीत. उरली फक्त इच्छा. मग मला पुढे पाठवले गेले. एक देह मिळवायचा आणि त्याच्या तोंडाने बाकीच्यांना हाक मारायची. हाक ऐकली की सगळे उतरणार होते, आणि प्रत्येक जण एकेका माणसात शिरणार होता. देह मात्र रिकामा हवा, नाहीतर आतून कोणी 'ये' म्हणायला हवे.

मी सुर्ल्याच्या खाणीजवळ उतरलो. आधी एका म्हशीत शिरायला गेलो. ती शिंकली आणि मी बाहेर पडलो. मग खनिज वाहणाऱ्या एका ट्रकच्या इंजिनात बसलो. इंजिन गुरगुरू लागले. ड्रायव्हर खाली उतरला, बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "काय गो बाय, आज तुझा काय दुखता?"

इतक्या युगांत मला असे कोणी विचारले नव्हते. पण इंजिनाला हाक मारता येत नाही. मी बाहेर आलो आणि त्या ड्रायव्हरचाच देह निवडला.

त्याचे नाव महादेव. तो सावंतवाडीकडून कामाला आलेला, रुंद खांद्यांचा, शीळ घालत गाडी चालवणारा. खाणीतून नदीच्या धक्क्याकडे उतरताना एक वाईट वळण होते. आदल्या वर्षी तिथे एक ट्रक उलटला होता. मला काही करायचे नव्हते. त्या वळणावर फक्त वाट पाहायची होती. महादेव गेला की त्याचा देह रिकामा होणार होता.

त्या वळणाची भीती मात्र एकीला होती. महादेवाची बायको वत्सला. कोकणी राजभाषा व्हावी म्हणून आंदोलकांनी रस्त्यांवर झाडे आडवी टाकली होती, ते वर्ष. ट्रक घरी उभा होता, म्हणून ती निवांत होती. रस्ते मोकळे झाले तशी ती गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकर कृष्णनाथांकडे गेली.

ते तिला वळणावरच्या, गावाच्या सीमेच्या दगडाशी घेऊन आले. "हंय आमचो राखणदार, बाय. दिसना, पण दीसभर गावाभोवती फिरता. तेका व्हाणो दी."

"तेका पाय तरी आसत काय, भाऊ?"

कृष्णनाथांनी दगडापाशी पडलेला जुना जोड उचलून तळ दाखवला. "पाय नसते तर ह्यो झिजल्यो कशान?"

वत्सला हसली. पण चार दिवसांनी ती कोऱ्या चामड्याच्या वहाणा घेऊन आली. सोबत नैवेद्याचा रोट आणि विडी. कृष्णनाथांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा! नावाचो असो, बिननावाचो असो, जो कोण ह्या शिमेर उभो असा, तेना ह्यो व्हाणो पायात घालूच्यो, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" जमलेली माणसे म्हणाली.

मित्रांनो, त्या सीमेवर बिननावाचा उभा मीच होतो. मला वाटले, हेच ते 'ये', दार उघडले. मी धावत जाऊन वहाणांत शिरलो.

गाऱ्हाणे संपले नव्हते.

"आणि ह्या म्हादेवाची वाट राखूची, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आमच्या लोकांत एकच कायदा उरला आहे. दिलेले घेतले, की मागितलेले द्यावे लागते. मी फसलो होतो. पण त्या वहाणांत मला पहिल्यांदा जमीन लागली. खडा टोचला. तो खडा मी अजून विसरलेलो नाही.

मग मे महिन्याची ती सकाळ आली. पावसाच्या आत खनिज हलवायची घाई होती. गोवा राज्य झाल्याची बातमी ऐकायला सगळे टपरीवर रेडिओभोवती जमले होते. उतारावर महादेवाचा ब्रेक लागेना. काचेमागे त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. थोडे थांबलो असतो, तर तो देह माझा झाला असता. आणि मागोमाग तुमचे सगळ्यांचे.

मी वहाणांसकट चाकाखाली गेलो. हाक मारण्यासाठी राखलेले सगळे बळ तिथे ओतले.

ट्रक सीमेच्या दगडाला टेकून थांबला. महादेव खाली उतरला. धावत आलेला दुसरा ड्रायव्हर, गोकुळदास, वाकून बघू लागला. चाकाखाली एक वहाण चिरडली होती.

"व्हाणेन ट्रक थांबता? मातयेच्या ढिगाक लागलो तो," गोकुळदास म्हणाला.

"ट्रक थांबलो मा?" महादेव म्हणाला, आणि तिथेच धुळीत बसला.

माझ्या लोकांना हाक कधीच गेली नाही. वत्सलेने नवा जोड आणला, पुढे दर वर्षी आणत राहिली. ते माझे चांगले दिवस होते. मग खाण बंद पडली. महादेव आणि वत्सला आपल्या गावी गेली. कृष्णनाथ वारले. आता कोणी तरी कधी प्लास्टिकचा जोड ठेवते, तोही घाईत. त्यात खडा टोचत नाही. तरी मी तो घालतो आणि वळणापर्यंत जाऊन येतो.

मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत. ते जपून ठेवण्यासाठी नाहीत, झिजवण्यासाठी आहेत. फक्त कोणाची तरी वाट राखत झिजवा. आणि या वळणावरून गेलात, तर चामड्याचा जोड आणा. जुनाही चालेल.

डिचोलीच्या त्या चांभाराला वत्सलेने राखणदाराचे म्हणून महादेवाच्याच पायाचे माप दिले होते.