गोमाजीच्या घरावरचा ताप

"माह्या घरावर बोट ठेवशीन त बोट मोडीन," जिजाकाकी म्हणाली.

तिच्या हातात भाताच्या पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंढी होती, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात होते. समोर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझी वहिनी रीता मोबाइल घेऊन उभी होती. बोट मोबाइलवर ठेवायचं होतं, घरावर नाही. पण आमच्या बोडीटोल्यात तोवर या दोन गोष्टींत फरक उरला नव्हता.

रीता वहिनी गावची आशा सेविका. 'तापनजर' नावाचं एक ॲप वरून आलं होतं. आमच्याकडे वरून दोनच गोष्टी येतात, पाऊस आणि ॲप, आणि दोन्ही आले की आधी रस्ता बंद होतो. या ॲपचं काम सोपं होतं. घरात कोणाला ताप आला की बटन दाबायचं. मग नकाशावर तुमचं घर लाल होणार, पथक येऊन रक्त तपासणार, फवारणी करणार. घर चौदा दिवस लाल राहणार, आणि ते लाल घर ज्याच्या मोबाइलमध्ये ॲप आहे त्या प्रत्येकाला दिसणार.

गेल्या वर्षी जिजाकाकीच्या छोटूला डेंगू झाला. छोटू पाच दिवसांत बरा होऊन झाडावर चढला. घर मात्र चौदा दिवस लालच. आसारामकाका, म्हणजे जिजाकाकीचा नवरा, मासोळ्या घेऊन सानगडीच्या बाजारात बसला, तर एका गिऱ्हाइकाने मोबाइल उघडून पाहिला आणि हातातला मासा परत टोपल्यात ठेवला.

"मासोळीले ताप नाई येत, भाऊ," आसारामकाका समजावत राहिला.

"मासोळीले नाई येत. तुमच्या हाताले येते," तो म्हणाला.

काकीची तर बारा बायांची टोळी. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, पाच गावांत तिला बोलावणं असतं. त्या साली पलीकडच्या गावच्या शेतकऱ्याने निरोप पाठवला, लाल टोळी नको. झालं. बोडीटोल्यातल्या सगळ्यांनी ॲप काढून टाकलं. माझं नाव देवा, रिचार्जची टपरी आहे माझी, काढून मीच दिलं. इतकी जलद सेवा मी त्याआधी कोणाला दिली नव्हती.

त्यानंतर दोन महिन्यांनी सत्यभामाबाईची सून रुचिता तापली. नणंदेला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून तिने सहा दिवस ताप अंगातच ठेवला, कोणाला सांगितलं नाही. सातव्या दिवशी गाडीत तिचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. वहिनी परत आली ती एकटी. तेव्हापासून ती एका जागी बसत नाही. जेवतानाही तिचा एक पाय दाराकडे असतो.

"काकी, तुयं तोंड लाल दिसून राहिलं," वहिनी धुऱ्यावरून म्हणाली.

"ऊन लागलं."

"आभाय आलं आहे."

"मंग आभाय लागलं," काकी म्हणाली आणि वाकून रोवायला लागली. टोळीतल्या बाया खिदळल्या. वहिनी मात्र हसली नाही. तिच्या यादीत एक्केचाळीस घरं होती आणि ॲपमध्ये एकही नव्हतं.

त्याच आठवड्यात तलाव भरून सांडवा वाहू लागला. सांडव्यावर मासोळी चढते, ती सगळे मिळून धरतात आणि पाळीवरच वाटतात. वाटायची आमची रीत जुनी आहे. पळसाच्या पानांवर सारखे ढीग मांडतात. आमचे गोमाजी आबाजी, वय सत्तरच्या पुढं, सगळ्यांकडे पाठ करून बसतात. आसारामकाका एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आबाजी न पाहता एक नाव घेतात. ज्याचं नाव, त्याचा ढीग. मग मोठा मासा कोणाला गेला यावरून भांडण करता येत नाही, कारण भांडायचं कोणाशी? आबाजींनी तर पाहिलंच नाही.

त्या दिवशी वहिनी तिथंही आली आणि ॲपचं सांगू लागली. लोक पावसाकडे पाहू लागले. मला वातावरण हलकं करायची सवय आहे, ती चांगली नाही. मी म्हणालो, "मासोळीसारखाच ताप वाटून टाका ना. माहा ताप तुमच्या घरावर, तुमचा दुसऱ्याच्या. लाल त होईन, पन ज्याचं त्याचं नाई होनार."

मी हसायची वाट पाहत होतो. आबाजी पाठमोरेच म्हणाले, "हे बरोबर बोल्ला पोट्टा."

आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणी ऐकलं आणि ते हे.

अर्ध्या तासात एक्केचाळीस फोन सुपात गोळा झाले. वर ताडपत्री धरली. आसारामकाका एका फोनवर बोट ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" आबाजी पाठ करून एक घर सांगायचे. मी त्या फोनमध्ये ॲप पुन्हा टाकून नकाशात त्या घरावर खूण लावून द्यायचो. सगळे फोन माझ्याच टपरीतून घेतलेले, एकसारखे काळे, सगळ्यांवर महादेवाचा फोटो, त्यामुळे कोणता कोणाचा हे मला कळत नव्हतं. मालकांनी मागून आपापला फोन फुटलेल्या काचेवरून ओळखून उचलला. ॲप फोन नंबर कोणाला दाखवत नव्हतं. तेवढं एक काम ते इमानदारीनं करत होतं. आपला ताप कोणाच्या घरावर पडणार हे फोनवाल्याला माहीत नाही, घरवाल्याला माहीत नाही, आबाजींना तर पाठच होती.

"अन् मी कोनाकडे जाऊ?" वहिनीने विचारलं.

"तुले गावात किती ताप आहे हे समजन ना," आबाजी म्हणाले. "काल त तेही नाई समजत होतं."

वहिनीला हे पटलं नाही. पण शून्यापेक्षा एक्केचाळीस बरे, म्हणून ती गप्प बसली. गप्प म्हणजे उभीच होती.

बोडीटोला तालुक्यात पहिला आला. लोकांनी हे ॲप कशामुळे स्वीकारलं, याचा अभ्यास करायला दोन माणसं फॉर्म घेऊन आली. त्यांनी सत्यभामाबाईला विचारलं, "ॲपमध्ये तुमची माहिती सुरक्षित आहे असं वाटतं का?"

"लय सुरक्षित," सत्यभामाबाई म्हणाली. "आमालेच नाई भेटत."

त्यांनी 'पूर्णपणे सहमत' या चौकोनात खूण केली आणि चहा पिऊन गेले.

दोन दिवसांनी पहिलं घर लाल झालं. ते गोमाजी आबाजींचं होतं. पथक आलं. आबाजी बांधावर गवत कापत होते. त्यांना आणून रक्त घेतलं, घरात फवारणी केली. आबाजी एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा योगेंद्र नागपूरला. त्यांनी पथकाला खाट टाकून दिली, बिनदुधाचा लाल चहा पाजला, तलाव कोणी खोदला तिथून गोष्ट सुरू केली. रक्तात काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी आबाजींच्या घरावर पुन्हा ताप, सोबत उलट्या. पथक पुन्हा आलं, आबाजींनी गोष्ट मागच्या ठिकाणापासून पुढं नेली.

वहिनी घरोघर विचारत फिरली. ताप कोणाला आहे? कोणालाच नाही. सगळे कसे ठणठणीत. जिजाकाकीच्या घरी ती तीनदा गेली. काकी तीनही वेळा रोवण्यावर.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनी टपरीवर आली आणि फोन माझ्यापुढे धरला. आबाजींच्या घरावर नवी नोंद होती. ताप, उलट्या, हिरड्यातून रक्त.

"रुचिताले पाचव्या दिवशी हेच होतं," ती म्हणाली. "भाऊजी, तुमी लावल्या ना खुना. कोनाचा फोन आहे हा?"

"मले नाई माहीत, वहिनी."

"हासून दाखवा आता."

मी हसलो नाही. त्या आठवड्यात मी केलेलं शहाणपणाचं काम ते एवढंच.

ॲम्ब्युलन्स येऊन आबाजींच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर पेशंट कुठं म्हणून विचारत होता आणि आबाजी त्याला खाट दाखवत होते, बसायला. वहिनीने आबाजींना फोन दाखवला. आबाजींनी 'हिरड्यातून रक्त' हे वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "सगळ्याइले फोन घेऊन तलावाच्या पाळीवर बोलवा."

आबाजी या वेळी लोकांकडे तोंड करून बसले. एकेकाने यायचं, सगळ्यांसमोर बटन दाबायचं, आणि कोणतं घर लाल होतं ते मी माझ्या फोनवर पाहून सांगायचं. ज्या फोनने दुसरं घर लाल होईल तो फोन सुटला. ज्याच्या फोनने आबाजींचं घर पुन्हा चमकेल, तापाचं माणूस त्याच्या घरी.

"सगळं गाव लाल होईन, आबाजी," कोणीतरी मागून म्हणालं.

"होऊ दे."

लोक आले. दाबलं, सुटला. दाबलं, सुटला. सत्यभामाबाईच्या फोनने आमचं घर लाल झालं, माझ्या फोनने शाळेजवळच्या पाटलांचं. ड्रायव्हर हॉर्नवर कोपर ठेवून बघत होता. तिकडे तालुक्याला कोणाचा तरी चहा सांडला असणार. पंचवीस मिनिटांत एका गावात चाळीस जणांना ताप. साहेबांचा फोन वहिनीला सारखा येत होता, ती कट करत होती.

चाळीस फोन झाले. आबाजींचं घर एकदाही चमकलं नाही.

"एक कमी आहे," वहिनी म्हणाली.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. आसारामकाका रांगेच्या शेवटी उभा होता, हात खाली. चाळीस माणसं दाबेपर्यंत तो तिथंच उभा होता. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"फोन जिजाजवळ आहे," तो म्हणाला. "मले म्हने थोडीशी कनकन आहे. रोवना होऊ दे, म्हने. यंदा टोळी तुटली त कोनी बोलवनार नाई, म्हने."

वहिनी तोवर पाळ उतरून गेली होती.

जिजाकाकी सत्यभामाबाईच्याच भाताच्या बांधीत होती. रोवणा एका कोपऱ्यापुरता उरला होता. टोळीतल्या बाया सरळ उभ्या राहून आमच्याकडे पाहू लागल्या, काकी वाकूनच होती. तिची ओळ वाकडी गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. वहिनी चपलेसकट चिखलात शिरली.

"चाल, काकी."

"एवढी बांधी होऊ दे."

"बांधी नाई पळून जात."

"मी कोठी पळून राहिली," काकी म्हणाली आणि बसली. चिखलातच बसली. पदराला तोंड पुसलं, तर पदर लाल झाला. तिच्या कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत फोन बांधलेला होता.

सत्यभामाबाई धुऱ्यावरून एवढंच म्हणाली, "माही बांधी तशीच राहू दे. उचला तिले."

आम्ही चौघांनी उचललं. गाडीपर्यंत जाताना वहिनी तिच्यावर ओरडत होती. "सांगाचं नव्हतं त दाबत काहून होती? पाच दिवस दाबून राहिली."

काकीचे डोळे मिटलेलेच होते. "दाबलं म्हनून काय झालं. माह्या घरी थोडी येनार होते कोनी." मग म्हणाली, "कोनाले तरी सांगावं वाटे."

गाडीत वहिनीने काकीचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिचे हात कसे होते ते मी पाहिलं नाही. मी ड्रायव्हरला रस्ता दाखवत होतो. रस्ता त्याला माहीत होता.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात काकी नऊ दिवस होती. दोन दिवस कोणी काही सांगत नव्हतं, तिसऱ्या दिवशी तिने जेवणाला नाव ठेवलं, तेव्हा आसारामकाका बाहेर येऊन रडला. इकडे एक्केचाळीस लाल घरांसाठी तालुक्याहून तीन पथकं आली. त्यांनी सगळं गाव धुवून फवारून काढलं आणि खरे तापाचे आणखी दोघं शोधून काढले. दोघंही लपून बसले होते, दोघंही लवकर सापडले म्हणून घरीच बरे झाले. खोट्या नोंदी पुसून घरं नकाशावरून उतरवेपर्यंत, आठ दिवस, मासोळी कोणाचीच विकली गेली नाही. सगळे लाल, त्यामुळे बोट कोणाकडे करायचं हा प्रश्न उरला नाही.

काकी परतली ती थेट टपरीवर. वाळलेली, हातावर सुईचे काळे डाग. फोन माझ्यापुढे ठेवला.

"देवा, माहा फोन माह्या घरावर लाव."

"काकी, दवाखान्याची नोंद आहे. लावलं की लगेच लाल होईन. आजून पाच दिवस."

"लाव."

मी लावलं. लाल झालं. काकीने ते नीट पाहून घेतलं, जणू साडीचा रंग बघत होती. मग घरी गेली आणि दारात मासोळ्यांचं टोपलं घेऊन बसली. सकाळ गेली. लोक समोरून जात, आपल्याच पायाकडे बघत. दुपारी सत्यभामाबाई आली, ओसरीवर टेकली. एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला.

"ताजी आहे?"

"सकायची."

"साफ करून दे."

काकी मासा कापू लागली. सत्यभामाबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी देवाच्या टपरीवर जाऊन आली. माह्या घरावरही माहाच फोन लावला."

पुढच्या आठवड्यापर्यंत, या दोघी धरून, मी सदतीस फोन आपापल्या घरी पोचवले. उरलेले तिघं म्हणतात, बघू. आबाजींचा मीच जाऊन लावला. आता त्यांच्या घरावर कोणाचाच ताप पडत नाही. पथकही येत नाही. त्यांनी खाट आत नेऊन ठेवली.

परवा सकाळी आबाजींचं घर लाल झालं. वहिनी भाकर अर्धी टाकून पळाली, मी मागं. आबाजी ओसरीवर बसून दोर वळत होते.

वहिनीने कपाळाला हात लावला. गार.

"ताप कोठी आहे, आबाजी?"

"नाई ना."

"मंग दाबलं कायले?"

"पाहून राहिलो होतो," आबाजी म्हणाले, "येते का नाई कोनी."

वहिनीने त्यांना जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. मग तिने थर्मामीटर पिशवीत टाकलं, पदराने घाम पुसला आणि ओसरीवर बसली. मी पाहिलं, दोन्ही पाय आत.

आबाजी उठून खाट काढायला गेले.