बुटका झरोका

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि मला स्वतःचे तोंड नाही. तोंडाच्या जागी दोन गोल झरोके आहेत. वरच्या झरोक्याखाली पिवळा कोट घातलेला कोळी रंगवला आहे. खालच्या झरोक्याखाली लाल पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख घातलेली एक जाडजूड बाई आहे आणि तिच्या काखेत चपटा लेप मासा आहे. तुम्ही मागून तोंड घालायचे, समोरून कोणीतरी फोटो काढायचा. झाले, तुम्ही मेवोवो गावचे कोळी.

मेवोवोला येणारे लोक आधी दीपगृह चढतात, मग लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत चालून समुद्र बघतात आणि परत येताना माझ्यापाशी थांबतात. दीपगृहाला त्याच्या उंचीचा फार तोरा आहे. असू दे. त्याच्यावरून उतरताना लोक धापा टाकतात, माझ्याकडून जाताना हसत जातात.

मला सेव्हेरीनने घडवले. गावातल्या दुकानांच्या पाट्या आणि होड्यांवरचे आकडे तोच रंगवायचा. तो रोज दुपारी धक्क्याजवळच्या पोलाबाईंच्या टपरीवर तळलेला मासा खायला जायचा. हिवाळ्यात तिथे दुसरे गिऱ्हाईक नसे. पोलाबाई दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याशी हवापाण्याचे बोलत. एकदा त्या आत वळल्या तेव्हा त्याने खिशातला खडू काढला आणि त्यांची हनुवटी जिथपर्यंत आली होती, तिथे चौकटीवर बारीक रेघ मारली. मग दोरीने जमिनीपासूनचे अंतर घेतले.

हे मला कसे ठाऊक? तीच दोरी त्याने आपल्या कामाच्या खोलीत माझ्या अंगावर ठेवली आणि त्या रेघेची गोष्ट मला सांगितली. खालचा झरोका कापताना तो मला म्हणाला, "इथं त्या न वाकता मावतील." वरचा झरोका त्याने स्वतःच्या मापाने कापला. हे तो दुसऱ्या कोणाला बोलला नाही. माझ्याजवळ बोलून काय उपयोग? मला तोंड नव्हते, तोंडाची नुसती जागा होती.

पोलाबाई फार बुटक्या आहेत. त्यामुळे खालच्या झरोक्यात तोंड घालताना बाकी सगळ्यांना कंबरेत वाकावे लागे. पहिल्याच उन्हाळ्यात हिएरोनिम नावाचा म्हातारा कोळी सगळ्यांसमोर म्हणाला, "सेव्हेरीन, भोक पाडताना कितवी बाटली चालली होती रे?"

"पहिलीसुद्धा नव्हती," सेव्हेरीन म्हणाला.

"मग लेपाचे दोन्ही डोळे डावीकडे कसे? आमच्या जाळ्यात येतात त्यांचे उजवीकडे असतात. आरशात बघून काढलास काय?"

"असतो असापण एखादा."

"एका फळीवर दोन चुका," हिएरोनिमने निकाल दिला आणि गावाने तो मान्य केला.

तरी माझे दिवस फार सुखाचे गेले. खाणकामगारांची मुले सुट्टीच्या शिबिराला येत आणि माझ्यापुढे रांग लावत. उन्हात झोपून लाल झालेले बाप आले, रुसलेल्या नवऱ्या मुली आल्या. एकदा एका ख्रिस्ती जोगिणीने इकडेतिकडे बघून हळूच पट्ट्यांच्या पोशाखावर आपले तोंड ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मठातल्या सगळ्याजणींना घेऊन आली. ज्यांनी ज्यांनी मला घटकाभर तोंड उसने दिले, त्यांची मी ऋणी आहे. रिकामा झरोका म्हणजे काय असते, ते मला हिवाळ्यात कळते.

फोटो काढायच्या पोलाबाई. त्यांची खिडकी माझ्या शेजारीच, म्हणून जो तो कॅमेरा त्यांच्याकडे द्यायचा. त्या ॲप्रनला हात पुसून बाहेर येत, "हसा, पैसे पडत नाहीत," म्हणत आणि फोटो काढून धावत कढईकडे जात. त्या कधी माझ्या मागच्या बाजूला आल्या नाहीत. त्यांना कोणी बोलावलेच नाही.

एका शरदात मासे साफ करता करता त्या सुरी हातात घेऊनच बाहेर आल्या. दुसऱ्या हातात एक लेप होता. तो त्यांनी माझ्या रंगवलेल्या लेपाशेजारी धरला आणि हाक मारली, "ओ हिएरोनिम, इकडं या. याचे डोळे कुठल्या बाजूला आहेत?"

हिएरोनिमने मासा उलटापालटा केला. "डावीकडं आहेत खरे," तो नाइलाजाने म्हणाला.

"मग आता यांच्या नावावर एकच चूक उरली," त्या बाकाकडे बघून म्हणाल्या.

सेव्हेरीन तिथेच बाकावर जेवत होता. त्याचे कान लाल झाले. "पोलाबाई, ती दुसरी जी आहे ना..."

"काय?"

"काही नाही. जरा मीठ द्या."

मी मनात कपाळावर हात मारला. पण त्याचीही अडचण होती. आमच्याकडे बाईने आपणहून 'आता मला तू म्हण' म्हटल्याशिवाय पुरुषाने 'अहो' सोडायचे नसते. आणि एवढी मोठी गोष्ट 'अहो' म्हणून सांगायची तरी कशी? तो दर वसंतात मला नवा रंग द्यायचा, खालच्या झरोक्याची कड बोटाने गुळगुळीत करायचा आणि मीठ मागून घरी जायचा. अशी तीस वर्षे गेली.

मग त्याचे हात कापू लागले आणि रंग राहून गेला. माझ्या बाईचे पट्टे फिके झाले, कोळ्याच्या कोटाचे पोपडे निघाले. धक्क्यावर गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरे उभी राहिली. लोक फोनने स्वतःचे फोटो स्वतःच काढू लागले. माझ्यावर समुद्रपक्षी बसत, त्याबद्दल न बोललेलेच बरे.

टपरी आता पोलाबाईंचा भाचा रेमेक चालवू लागला होता. मुलगा वाईट नाही, पण त्याला सगळे सरळ करायचा नाद आहे. एकदा तो म्हणाला, "आत्या, ही फळी माशांना धुरी द्यायच्या भट्टीत घालू."

"रंगवलेल्या लाकडाची धुरी माशांना देतात होय? गिऱ्हाइकं जेवायला येतात की दवाखान्यात जायला?"

"मग निदान खालचं भोक तरी वर घेतो. वाकून वाकून लोकांच्या कमरा मोडतायत."

पोलाबाई कढईकडे वळल्या. हंगामाच्या तोंडावर रेमेकने माझ्यावर पेन्सिलीने नवा गोल काढला आणि करवत आणली. मित्रांनो, मला लाकडाची पर्वा नव्हती. पण तो झरोका गेला असता तर सेव्हेरीनची गोष्ट कायमची गेली असती. ती फक्त तिथेच लिहिलेली होती.

तेवढ्यात सेव्हेरीन काठी टेकत जेवायला आला. त्याने पेन्सिलीचा गोल पाहिला. "करवत नको," तो म्हणाला.

"अहो काका, तुमचीच चूक दुरुस्त करतोय."

"ती चूक नाही."

"मग काय आहे?"

सेव्हेरीनने पोलाबाईंकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. त्याच्या तोंडून शब्द निघेना. त्याला तर तोंड होते.

"राहू दे, म्हातारी माणसं," रेमेक म्हणाला. "आत्या, जरा मागून धर. हलते आहे ही."

पोलाबाई हात पुसत माझ्या मागे आल्या. पहिल्यांदाच. दोन्ही हातांनी त्यांनी मला घट्ट धरले, सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांचे तोंड खालच्या झरोक्यात आले. हनुवटी बरोबर कडेवर टेकली.

रेमेकची करवत हवेतच थांबली. "आत्या, तू वाकली नाहीस?"

"नाही," त्या म्हणाल्या. माझ्या झरोक्यातून त्यांना धक्का दिसत होता, समुद्र दिसत होता आणि समोर काठी धरून उभा असलेला एक माणूस दिसत होता.

"माझ्या दाराच्या चौकटीवर, अगदी हनुवटीपाशी, खडूची रेघ होती," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, वीजवाल्यानं मारली. रंग देताना दरवेळी मी तेवढी जागा सोडायचे. का, ते मलाही ठाऊक नाही."

सेव्हेरीनचे कान पुन्हा लाल झाले.

"म्हणजे दुसरीही चूक नव्हती," पोलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "सेव्हेरीन, बघत काय राहिलास? इकडं ये. वरचा रिकामा आहे."

'राहिलास' म्हणाल्या. 'ये' म्हणाल्या. माझ्या सगळ्या लाकडातून काहीतरी सरकन गेले.

तो मागे आला. पाठ वाकल्यामुळे त्याला स्वतःच्याच झरोक्यासाठी टाचा उंच कराव्या लागल्या. रेमेकने करवत खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि फोन काढला. "हसा," तो म्हणाला, "पैसे पडत नाहीत."

आता रेमेकच मला रंग देतो. सेव्हेरीन बाकावर बसून चुका काढतो आणि पोलाबाई त्याला "तू गप्प बस" म्हणतात. खालचा झरोका होता तिथेच आहे. कोणी कुरकुर केली तर रेमेक सांगतो, हा मापाने कापलेला आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादी गोष्ट वाकडी दिसली तर करवत आणण्याआधी एकदा तिच्या मागे जाऊन उभे राहा. आणि कोणी तुमचा फोटो काढून दिला, तर नुसते आभार मानून निघू नका. "आता तुम्ही उभ्या राहा," एवढे म्हणा. हजारो तोंडे मला लाभली, त्या सर्वांची मी ऋणी आहे. पण तीस वर्षांत पोलाबाईंना हे म्हणायला त्यांतल्या एकालाही सुचले नाही.