उसाच्या फडातली बाज

मित्रांनो, बाभळीचे चार खूर आणि मधे सुंभाची वीण, एवढेच माझे अंग. मी बाळंतिणीची बाज आहे. आता फार जुनी झाले. लोणखेड्याच्या एका सुताराने मला घडवले, ते पितांबर पाटलांच्या घरासाठी. त्यांची बायको धनुबाई तेव्हा पहिलटकरीण होती.

तेव्हा माझी फार मिजास होती. माझ्याखाली शेगडी असे, वर तेलाने माखलेले बाळ असे. शेजारणी डिंकाचे लाडू घेऊन येत आणि बाळाची दृष्ट काढून जात. वीण सैल झाली की पितांबर पाटील स्वतः मला कसून देत. पुढे घरात मोठे पलंग आले. मग मला परसात काढले आणि माझ्यावर मिरच्या वाळत पडू लागल्या.

एका हिवाळ्यात पाटलांच्या शेतात ऊसतोड लागली. सातपुड्यातून, धडगावकडच्या डोंगरातून तोडकऱ्यांची टोळी आली आणि बांधाला पाचटाच्या कोप्या घालून राहिली. त्यांत दिवाल्या आणि त्याची तरुण बायको कोकिळा होती. कोकिळेचे बाळंतपण कोपीतच झाले. मुलगी झाली.

धनुबाई बाळाला पाहायला गेल्या आणि तशाच परत आल्या.

"भुईवर गारठा शे. बाळंतीण कशी निजी?" त्या हेमराजला, आपल्या मुलाला म्हणाल्या. "बाज लई जाय तिले."

माझ्यावरच्या मिरच्या झटकल्या आणि मी फडात आले. मला किती आनंद झाला होता, काय सांगू!

पण मित्रांनो, झोपलेले माणूस अंग सैल सोडते, ते मला वरच्या वजनावरून कळते. कोकिळेने अंग कधी सोडलेच नाही. कुडाकडे तोंड करून ती डोळे उघडे ठेवून पडून राही. मुलगी रडे, ती नुसती तिच्याकडे बघे. हात पुढे होत आणि मागे येत. आसवे गळून माझे सुंभ उशाशी ओले राही. तिला फक्त डोंगरातली पावरी बोली येत होती. दिवाल्या पहाटेपासून एकटाच दोघांचे काम ओढत होता. परत आला की तो भाकर खाता खाता बसल्या जागी पेंगे.

टोळीचा मुकादम भीमसिंग दारात येऊन म्हणे, "सर्वा बाया पोरं जनतस. हाई एकलीच नखरा करस."

कुणी म्हणे, बाहेरचे लागले.

एका दुपारी सगळे उसात होते. कोकिळेने मुलीला फडक्यात नीट गुंडाळून माझ्यावर ठेवले. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना कपडे लावले. मग ती अनवाणीच निघाली. मला हाक मारता आली असती तर मी साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी मारली असती. मुलीने मात्र टाहो फोडला. भाजी-भाकरी घेऊन आलेल्या धनुबाईंनी तो ऐकला. त्यांनी मुलीला छातीशी धरले आणि हेमराजला मोटारसायकलवर धाडले. दूर रस्त्याच्या कडेला, सातपुड्याकडे तोंड करून कोकिळा बसलेली सापडली. तिचे पाय रक्ताळले होते.

तिला आणल्यावर बायका कुजबुजू लागल्या, "हाई कशी माय!"

"तिले बोलू नका," धनुबाई म्हणाल्या. "ती वाईट नही, बिमार शे." मग त्या माझ्या काठावर टेकल्या. "मन्हा हेमराज व्हयना तवय मीबी अशीच रडू. लाडू व्हतात, शेगडी व्हती, तरी डोयानं पानी थांबे नही. कोनी इचारंच नही."

मला ते ठाऊक होते. तेव्हाही माझे सुंभ असेच ओले होई.

लोणखेड्यात कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या रमिलाबाई धडगावकडच्याच. धनुबाई त्यांना घेऊन आल्या. रमिलाबाईंनी पावरीत विचारले, तू कोणत्या गावची, कुणाची लेक? कोकिळा प्रथमच उठून बसली. मग ती बोलत राहिली, रडत राहिली. रमिलाबाईंनी धनुबाईंना सांगितले, "तिला भीती वाटते. बाळाला धरलं तर आपल्या हातून काही होईल, असं वाटतं."

दोघी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. हा आजार आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या; औषधाबरोबर झोप आणि बोलायला माणूस हवे, थोड्या दिवसांनी पुन्हा आणा. त्यानंतर धनुबाई रोज येऊ लागल्या. त्या मुलीला घेऊन बसत आणि कोकिळा निजे. एका सकाळी तिने आपण होऊन मुलीला पदराखाली घेतले. या वेळी तिचे हात मागे आले नाहीत.

आणि फड संपला. मुकादमाने कुणाला न सांगता पहाटेच्या अंधारातच ट्रॉली भरली. टोळीला दूरच्या शिवारात जायचे होते. मला ठेवायला ट्रॉलीत जागा नव्हती. निघताना कोकिळेने माझ्या खुराला घट्ट धरले, दिवाल्याने तिची बोटे हळूहळू सोडवली.

त्याच सकाळी कोकिळेला पुन्हा दवाखान्यात न्यायचे होते. धनुबाई आणि रमिलाबाई आल्या, तेव्हा रानात विझलेल्या चुली होत्या आणि मी होते. धनुबाई माझ्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

पुढच्या हंगामात दिवाल्या एकटाच आला. कोकिळा माहेरी आहे, औषध मध्येच सुटले, ती फारसे बोलत नाही, मुलीला आजीच सांभाळते, असे त्याने सांगितले.

"मन्ही याद करस का ती?" धनुबाईंनी विचारले.

"तुमचं नाव तिले ठाऊक नही. बाजवाली माय कशी शे, इचारस."

रमिलाबाईंना घेऊन डोंगरात, कोकिळेकडे जायचे धनुबाईंनी ठरवले आहे. या टोळीतही एक ओली बाळंतीण आहे. काल माझी वीण कसून झाली.

मित्रांनो, परमुलखातून आलेली बाळंतीण तुमच्याही शिवारात, तुमच्याही गल्लीत असेल. बाळ गोड आहे म्हणून लगेच उठू नका. तिलाही विचारा, बाई, तू कशी आहेस? तिची बोली येत नसेल, तर ती बोलणारे माणूस शोधून आणा. आणि ती गप्प राहिली, तरी थोडा वेळ तिच्याजवळ बसा.