भाड्याच्या खोलीतली पाळण्याची कडी

“पाळणा गं हाले, वारा माडीला लागे,
तान्हं झोपी गेलं, कडी बाई जागे...”

हा आवाज आठवला की अजून माझा गंज शहारतो. मित्रांनो, मी छताला बसवलेली एक जुनी कडी आहे. वसमतमध्ये एका माडीवरच्या भाड्याच्या खोलीत असते. ही ओवी गायची ती घरमालकीण, कमलबाई.

माझं लोखंड आधी हळद वाहणाऱ्या बैलगाडीच्या आखात होतं. गाडी मोडली तेव्हा संतराम लोहारानं तापवून, ठोकून मला वाकवलं. वजन पेलणं तेवढं माझ्या नशिबी.

माडीवर फहीम आणि गौसिया राहायला आले. फहीम मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती उचलायचा. घरमालक हरिचंदकाका एस.टी.तून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पैशात त्यांनी हा स्लॅब टाकला होता. डिपॉझिट दहा हजार आणि अट एकच, स्लॅबला भोक पाडायचं नाही.

गौसियाचं लेकरू जमिनीवर टेकायला तयार नसे. एकदा काका नरसीला दर्शनाला गेले. मागे गवंडी आला, भोक पाडलं, मला बसवलं. कुठून तरी एक पाळणाही आला, वीस वर्षं जुना, पण एकदाही न वापरलेला. मला कुणी बसवून घेतलं ते मला ठाऊक होतं. पण मला जीभ नाही, आणि गौसियानं कुणाला न सांगण्याचा शब्द दिला होता. परक्या बाईमाणसाच्या खोलीत कसं जायचं, म्हणून काका कधी आत आले नाहीत.

लेकरू मोठं झालं. पाळणा गेला. मी नुसतीच लटकत राहिले.

परवा फहीमला हिंगोलीत काम लागलं. सामान टेम्पोत चढलं. रिकामी खोली बघायला काका आले आणि थबकले.

“ही काय आभाळातून उगवली का? तवाच तर स्लॅब गळून राहिला माझा!”

“काका, चार वरसं भाड्याचा येक दिस चुकला न्हाई,” फहीम म्हणाला. “तिकडचा मालक डिपॉझिट घेतल्याबिगर चावी देत न्हाई. लेकरू घेऊन कुठं जाऊ?”

“भोक पाडताना काहून सुचलं न्हाई? येक रुपया भेटायचा न्हाई!”

गौसियानं मान खाली घातली. दारात कमलबाई पदर बोटाला गुंडाळत उभी होती.

मित्रांनो, खोली घेताना अन् सोडताना मालक-भाडेकरू दोघांनी मिळून भिंती-छत बघावं. काय केलं ते तोंडानं सांगावं, कागदावर लिहावं. पाळण्याचं वजन मला कधी जड झालं नाही. न बोललेल्या गोष्टीचं झालं. फार थकले मी.

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. गौसियानं लेकराला कडेवर घेतलं. तशी कमलबाई आत आली आणि माझ्याकडं बोट केलं.

“भोक मी पाडायला लावलं. तुमी नरशीला गेल्ते तवा. आपला पाळणा इकत आणून वीस वरसं माळ्यावर बांधून ठिवला व्हता. येकडाव या घरात हलताना बघायचा व्हता मला. द्या त्या पोरीचे धा हजार.”