सेझिमच्या पायातली दोरी

मला गालिच्यावर बसवायचं, पाठीला उशा लावायच्या, माझ्या नातीला, सेझिमला, उचलून माझ्यापुढे आणायचं आणि मी बसल्या बसल्या तिच्या पायातली दोरी कापायची, असं माझ्या मुलानं आणि सुनेनं परस्पर ठरवून टाकलं. मी भडकलेच.

"का? मी मेलेय का?" एवढंच म्हटलं आणि मला धाप लागली.

आमच्या नारीन नदीच्या खोऱ्यात पोर पाऊल टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि शर्यत लावतात. जो पहिला पोचतो तो दोरी कापतो, आणि पोर त्याच्या वळणावर जातं. सेझिम माझी एकुलती एक नात. उशांना टेकून धापा टाकणाऱ्या आजीनं दोरी कापल्यावर त्या पोरीनं कोणतं वळण घ्यायचं? नातींसाठी म्हाताऱ्या बायकांची शर्यत लावायची आमच्या गावची रीत आहे. मला त्या शर्यतीत उतरायचं होतं. माझ्या पायांनी.

आता पाय कुठले म्हणा! उभा जन्म गोवऱ्यांच्या चुलीपुढे गेला. सिगरेट कधी ओठाला लावली नाही, पण धूर पोटभर गिळला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात हवा अडकून राहते, हा आजार मुळापासून जायचा नाही. फवारा दिला, तो मी तोंडात मारते. चुलीला धुराडं बसवलं. आणि माझी सून नुरझात हिनं माझ्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. आमच्यात सून घरात असताना सासूनं पाण्याची बादली उचलली तर सुनेची नाचक्की. त्यात मी आजारी. मग तर विचारूच नका. चहाची वाटी हातात, शाल खांद्यावर, "आपा, तुम्ही उठू नका." आमच्यात आईला, थोरल्या बाईला आपा म्हणतात. दोन हिवाळे मी उठले नाही. दुसरा हिवाळा सरल्यावर वसंतात दारापर्यंत गेले तर पाय लटपटायला लागले.

तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यातून बेगाइम यायला लागली. व्यायाम शिकवणारी. पंचविशीतली पोर, पायात धावायचे बूट, आणि जीभ अशी तिखट की माझी आठवण यावी. तिनं माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, त्यातले आकडे पाहिले आणि मला अंगणात चालवलं. कुंपणाशी पोचेपर्यंत माझा जीव गळ्याशी आला.

"आपा, फुप्फुसं काही नवी मिळायची नाहीत," ती म्हणाली. "पाय मात्र मिळतील. पायात ताकद आली की आहे त्याच हवेत लांब जाता येतं. तुम्हाला निम्मी धाप आजारानं लागते, निम्मी बसून राहिल्यानं."

"बसवून ठेवल्यानं म्हण!" मी नुरझातकडे बघत म्हटलं. ती बिचारी मान खाली घालून उभी.

"मला शर्यत चालायचीय. शरदात मेंढ्या कुरणावरून उतरल्या की," मी सांगून टाकलं.

वाटलं, हसेल. ती हसली नाही. "धावायचं नाही. चालायचं. दमलात की थांबायचं. कबूल असेल तर लागू या कामाला."

मग सुरू झालं. नाकानं श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा. दम कोंडला तर घाबरायचं नाही, कुंपणावर दोन्ही हात टेकून पुढं वाकायचं. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, परत उठायचं. आरशावर वाफ धरावी तसा 'हाऽऽ' करून कफ वर आणायचा. रोज नदीच्या पुलाकडे थोडं थोडं पुढं जायचं. आणि पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली करायच्या. "आणि तू," बेगाइमनं नुरझातला बजावलं, "हात काखेत घालून उभं राहायचंस. आपांना काही द्यायचं नाही. आणि काही घ्यायचंही नाही."

नुरझातचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी चोरी करायला सांगितलीय.

आणि व्हायचं तेच झालं. शेजारची तोक्तोन, गावाची बातमीदार, तिनं मला अर्धी बादली नेताना आणि नुरझातला मागं हाताची घडी घालून उभं पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: उमसुनायची सून सासूला पाणी भरायला लावते! नुरझात दुकानात गेली की बायका गप्प व्हायच्या. घरी पोरीचे डोळे सुजलेले दिसायचे.

मी आपली खुशीत. बाटल्या दिवसेंदिवस हलक्या लागत होत्या! मुलाला दंड दाखवत होते. "बघ, तुझी आई पैलवान झाली!" शुक्रवारी बेगाइम आली तेव्हा मी ऐटीत बाटल्या डोक्यावर नेल्या. तिनं माझ्या हातातून एक घेतली, कानाशी हलवली आणि विचारलं, "आपा, यात पाणी कुठंय?"

बाटल्यांवर मीच लोकरीची खोळ विणून चढवली होती, हात गारठू नयेत म्हणून. आत बघितलं कुणी! खोळ काढली तर तळाशी वाटीभर पाणी. नुरझात तिथंच रडायला लागली. रोज सकाळी ती थोडं थोडं ओतून देत होती. "मी आपांना भरलेल्या बाटल्या कशा उचलू देऊ? माझी आई काय म्हणेल मला?"

माझं डोकंच फिरलं. "अगं बये! दया करतेस माझ्यावर? गावाची बोलणी खातेस ती खातेस, वर माझी मेहनतही पाण्यात घालतेस? मला त्या दिवशी उशीला टेकलेलीच बघायचीय का तुला?"

"मला तुम्हाला जिवंत बघायचंय!" ती ओरडली. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिनं पहिल्यांदा आवाज चढवला होता.

मी खुर्चीवर बसले. पोरीचा माझ्यावर एवढा जीव आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? पण त्या जिवापायीच मी लुळी होत चालले होते. "नुरझात," मी म्हटलं, "आता तूच भर. तुझ्या हातानं, काठोकाठ." तिनं भरल्या. पहिल्याच दिवशी माझे दंड असे भरून आले की चहाची वाटी धरवेना. ती नुसती बघत राहिली, खालचा ओठ चावत.

मेंढ्या उतरल्या. सगळं गाव आमच्या मागच्या माळावर जमलं. कढईत कणकेचे बोरसोक तळले जात होते, पोरं घोड्यांच्या पायांतून पळत होती. टोकाला गालिच्यावर सेझिम, पायात दोरी, आणि तिला धरून नुरझात. आम्ही सहा म्हाताऱ्या रांगेत. मी चालण्याआधी फवारा मारून घेतला. तोक्तोन म्हणाली, "उमसुनाय, तू बस गं, उगाच आमच्या डोक्याला ताप नको."

"तू तुझा घागरा सांभाळ," मी म्हटलं.

शिट्टी झाली. त्या पाच जणी घागरे उचलून कोंबड्यांसारख्या पळाल्या. मी चालले. दोन पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. निम्म्यावर आले आणि छाती आवळली. थांबले. गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकले. झालं, गाव ओरडायला लागलं, "नुरझात, धर तिला! अगं, बघतेस काय?"

मी मान वर करून पाहिलं. नुरझातच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आणि ती जागची हलली नाही.

जगात कुणी माझ्यासाठी एवढं अवघड काम केलं नव्हतं. मी ओठ चंबूसारखे केले, हळूहळू हवा सोडली, छाती मोकळी झाली आणि पुढचं पाऊल टाकलं.

पोचले तेव्हा अर्थात सगळ्यांत शेवटी. तोक्तोन पहिली आली होती, पण सुरी हातात धरून गालिच्यावर फतकल मारून बसली होती, तोंड लालबुंद. "उमसुनाय, मेले गं मी!"

"मरत नाहीस. चहावर फुंकर घाल. घाल म्हणते ना!" पाचही जणींना मी ओठ पुढं काढून फुंकायला लावलं. माणसं हसून हसून लोळायला लागली. बेगाइम तर वाकून पोट धरून उभी.

श्वास जागेवर आल्यावर तोक्तोननं सुरी माझ्या हातात दिली. "तूच काप. मी कापली तर पोर माझ्यासारखी चहाडखोर निघेल." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि नुरझातबद्दल मी जे बोलले ते सगळं थुंकून टाका."

मी खाली बसले, कुणाचा हात न धरता. दोरी कापली. कुणाचा हात न धरता उठले. गाव ओरडलं! सेझिम एक पाऊल चालली, दुसरं चालली आणि धपकन पडली. मी धावलेच, दोन्ही हात पुढं करून.

"आपा, मागं व्हा!" नुरझात अख्ख्या गावादेखत माझ्यावर खेकसली.

मी मागं झाले. सेझिमनं इकडेतिकडे पाहिलं, तळवे जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं, आणि आपली आपण उभी राहिली.