बाथरूमचा उतार

ताईने घर बांधायला काढलं, तेव्हा कंत्राटदार कोण हा प्रश्नच नाही असं सगळे धरून चालले होते. घरातच होता की! तिचा धाकटा भाऊ कितीतरी वर्षं बांधकामं घेत होता. ताई मात्र दुसऱ्याच एकाकडे चकरा मारत होती. त्याला सगळे खडूस म्हणत. तुमचं एखादं काम दाखवा म्हटल्यावर त्याने तिला एका जुनाट घराच्या बाथरूममध्ये नेलं आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी मुकाट्याने जाळीत गेलं. वापरलेल्या घरात बघायचं ते एवढंच, असं त्याचं म्हणणं. दोन शब्द गोड बोलला नाही मेला, पण ताईचं मन तिथेच बसलं.

धाकट्याच्या कानावर हे जायला कितीसा वेळ लागणार? तो तणतणत आईच्या घरी आला. ताई तिथेच होती. कमरेचं हाड मोडल्यापासून आई आतल्या खोलीत पडून होती. नव्या घरात ती ताईकडेच राहणार होती, आणि ताईच्या जिवाला घोर होता तो तेवढाच.

"सख्खी बहीण परक्याला काम देते! माझं नाक कापायचंय का तुला?"

"त्यालाच दे गं," आतून आई म्हणाली. "घरचा माणूस आहे."

आई पडली होती ती बाथरूमच्या दारात. चप्पल घसरली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्या चपलेने इतक्या शिव्या खाल्ल्या की शेवटी ती फेकूनच दिली. बाथरूम धाकट्याने बांधलं होतं. त्याच्या दाराशी एक फडकं कायम पसरलेलं असे. ते कशासाठी, हे आईने कधी सांगितलं नव्हतं आणि ताईने कधी विचारलं नव्हतं. आता ताईला त्या न विचारण्याचा फार राग येई, आणि तो कोणावर काढावा ते कळत नसे.

तिने वाद घातला नाही. "इकडे ये," म्हणत तिने धाकट्याला बाथरूमच्या दारात उभं केलं, फडकं पायाने बाजूला सारलं आणि आत बादली ओतली.

थोडं पाणी जाळीत गेलं. बाकीचं सावकाश वळलं, दाराकडे आलं आणि त्याच्या अनवाणी पायांखाली पसरलं.

"फरशीवाल्याने तेव्हा घाई..." असं धाकट्याने सुरू केलं, आणि खाली आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं.

"खडूसलाच दे," तो हळू आवाजात म्हणाला. "आईला मात्र सांगू नकोस. चपलेमुळेच पडली असं वाटू दे तिला."

ताई काही बोलणार, तोच आतून आवाज आला.

"अगं, पाणी ओतलंस ना? ते फडकं टाक आधी त्याच्या पायाखाली. घसरेल तो."