वरवंडच्या डेअरीवरचं हिरवं छत

तुम्ही कधी दूध डेअरीच्या डोक्यावर गवत डुलताना पाहिलंय का? नसेल, तर एकदा वरवंडला या. त्या डेअरीचा स्लॅब म्हणजे मी. माझ्या अंगावर गवत आहे, गवताच्या वर सोलर पॅनल आहेत, आणि मला दोन्हींचा अभिमान आहे.

मी नवा होतो तेव्हा डेअरीच्या मालकिणीनं, सुवर्णानं, मला ओल्या गोणपाटाखाली जपलं. मी घट्ट झालो आणि सगळे मला विसरले. माझ्यावर फुटके कॅन आले, जुने टायर आले. उन्हाळ्यात तेवढ्या कुरडया वाळायच्या. दिवसभराचं ऊन मी प्यायचो आणि खालच्या खोलीत सोडायचो. त्यात वीज गेली की दूध गार ठेवणारी टाकी बंद पडायची आणि दूध नासायचं.

"आत्याबाई, आणखी एकदा दूध नासलं तर लोक दुसरीकडं घालतील," सुवर्णा सासूला, धुरपदाबाईंना, म्हणाली. "मग डेअरी बंदच करावी लागंल."

म्हणून ठरलं. वर गवत लावायचं, म्हणजे खोली गार राहील. त्यावर सोलर आणि खाली बॅटरी, म्हणजे टाकी चालू राहील. गवताच्या गारव्यात पॅनलही कमी तापतात. बांधकामाच्या नियमात दोन्ही एकत्र बसत होतं, फक्त परवानगी हवी होती.

सुवर्णाचे सासरे तात्याबा हौशी माणूस. त्यांनी मळ्यातली काळी माती ट्रॉली भरून आणली आणि माझ्यावर गुडघाभर थर दिला. वर पाणी सोडलं. माझी कंबर कळवळली.

परवानगी देणाऱ्या नीलम मॅडम आल्या. त्यांनी मातीत काठी खुपसली आणि मान हलवली.

"आबा, ही माती पाणी धरून बसते. एवढं ओझं स्लॅबला पेलणार नाही. परवानगी नाही मिळायची."

"उसाला चालती, आन् गवताला चालंना व्हय?"

"अहो, उसाखाली जमीन असती," धुरपदाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "हितं खाली आपली दुधाची टाकी हाय!"

मॅडमनाही हसू आलं. "नियम बागेलाही जागा देतो, सोलरलाही. पण स्लॅबला झेपेल तेवढंच. नारळाचा भुसा मिसळून पातळ थर द्या, पाणी जायची वाट मोकळी ठेवा. उद्या सकाळी बघते."

"आमच्या मळ्याला नावं ठेवली," तात्याबा पुटपुटले. पण पहिलं घमेलं त्यांनीच उचललं. मागोमाग दूध घालणारी माणसं जिना चढून आली. मातीची घमेली हातोहात खाली गेली आणि वर नारळाचा भुसा मिसळलेला पातळ थर तेवढा राहिला. माझं अंग हलकं होत गेलं, आणि या माणसांना मी हवा आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

तुमच्याही घरावर माझा कुणी भाऊबंद तापत पडला असेल. त्याला काहीतरी काम द्या. मात्र आधी त्याची ताकद विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम मॅडमनी थर मोजला, परवानगीवर सही केली, आणि तात्याबांनी पहिलं पॅनल स्वतःच्या हातानं माझ्यावर चढवलं.